रिकामी कार्ट्रिज आणि पेटीतले छायाचित्र

निवासी शाळेत पाचवीला दाखल होणाऱ्या मुलाच्या पेटीत कपडे, वह्या, साबण यांच्याबरोबर बहुधा एक छायाचित्र असते. आईचे, आजीचे किंवा सगळ्या घराचे. वसतिगृहात मोबाइल नसतो, म्हणून मोबाइलमधील शेकडो चित्रे त्या मुलाला निरुपयोगी असतात. त्याला उशीखाली ठेवता येईल असा कागद हवा असतो. या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे मागितली, तेव्हा अनेक घरांतून एकच उत्तर आले : "मोबाइलमध्ये होती, तो बिघडला."

आज कित्येक घरांत मुलांच्या प्रकल्पांसाठी घेतलेला छोटा इंकजेट प्रिंटर असतो. शाई संपली की नव्या कार्ट्रिजच्या किमतीमुळे तो कपाटावर जातो. मलकापूरसारख्या गावातून त्यासाठी कोल्हापूरची फेरीही पडते. हीच रिकामी कार्ट्रिज घरी पुन्हा भरता येते. त्यासाठीचा हा प्राथमिक पाठ.

प्रथम यंत्र समजून घेऊ. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंगचे हत्यार चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाईचा थेंब फेकता येतो, हे तत्त्व त्यातून हाती आले. एचपी आणि कॅननच्या दोन कार्ट्रिजच्या घरगुती यंत्रांत हेच घडते. कार्ट्रिजच्या तळाशी केसाहून बारीक छिद्रे असतात, प्रत्येक छिद्रामागे क्षणात तापणारा सूक्ष्म भाग असतो आणि आत शाई धरून ठेवणारा स्पंज असतो. वाहती शाईच त्या भागाला थंड ठेवते. शाई संपल्यावरही छपाई रेटली तर तो जळतो. माझी पहिली कार्ट्रिज मी अशीच गमावली. म्हणून छपाईत पांढऱ्या रेषा दिसू लागताच थांबावे आणि त्याच दिवशी शाई भरावी. (शाईच्या टाकीचे प्रिंटर असतील, तर बाटलीने टाकी भरणे एवढेच काम असते, त्यांना पुढील कृती लागू नाही.)

साहित्य थोडे लागते : आपल्या मॉडेलसाठी चालणारी शाई, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र नवी सिरिंज, हातमोजे, दात कोरण्याच्या काड्या, टिशू पेपर आणि खाली पसरायला वर्तमानपत्र. शाईचा डाग कपड्यावरून सहसा जात नाही. लहान मुलांना सुईपासून दूर ठेवावे.

कार्ट्रिजवरचे लेबल हलक्या हाताने सोडवावे. खाली छिद्रे दिसतात. तिरंगी कार्ट्रिजमध्ये निळा, किरमिजी आणि पिवळा असे तीन कप्पे असतात. त्यांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो. म्हणून प्रत्येक छिद्रात वेगळी काडी बुडवून रंग पाहावा आणि कागदावर नोंदवून ठेवावा. मग सुई स्पंजमध्ये घालून शाई अगदी सावकाश सोडावी. लहान आकाराच्या तिरंगी कार्ट्रिजमध्ये प्रत्येक कप्प्यात एक ते दोन मिलिलीटर आणि काळ्या कार्ट्रिजमध्ये तीन ते पाच मिलिलीटर शाई साधारणतः पुरते. छिद्राशी शाई दिसताच थांबावे. हावरेपणाने जास्त भरली तर एका कप्प्यातील शाई दुसऱ्यात जाते आणि सगळेच रंग बिघडतात.

यानंतर कार्ट्रिजची छिद्रांची बाजू ओलसर टिशूवर हलकेच टेकवावी, घासू नये. टिशूवर तीन रंगांचे तीन स्पष्ट पट्टे उमटले की काम जमले. लेबल पुन्हा लावताना हवेची वाट बंद होऊ देऊ नये. कार्ट्रिज यंत्रात बसवून तपासणीचा नमुना छापावा. रेषा तुटत असतील तर यंत्रातील सफाईचा पर्याय एक-दोनदाच वापरावा, कारण सफाईलाही शाई खर्च होते. पडद्यावर शाई संपल्याची सूचना येतच राहील. कार्ट्रिजमधील चिपला आपण शाई भरल्याचे कळत नाही. बहुतेक यंत्रे ती सूचना मान्य केल्यावर चालतात. काही मुळीच चालत नाहीत. म्हणून प्रिंटर घेतानाच याची चौकशी करावी. आठवड्यातून एक रंगीत पान छापले की छिद्रे वाळत नाहीत.

छायाचित्र छापताना कागदाचा प्रकार 'फोटो पेपर' असा निवडावा. आपल्या शाहूवाडीच्या पावसाळ्यात कागद दमट होतो. तो बंद प्लास्टिक पिशवीत ठेवावा आणि छापलेले चित्र दिवसभर वाळू द्यावे. रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. पाण्याच्या थेंबाने ती पसरते, उन्हाने उडते. चित्र काचेखाली लावावे, खिडकीसमोर नको आणि वंदनेच्या जागेतील मेणबत्ती-अगरबत्तीच्या धुराजवळही नको. अनित्यता शाईलाही चुकलेली नाही. जे चित्र नातवंडांपर्यंत जावे असे वाटते, त्याची एक प्रत स्टुडिओतून करून घ्यावी आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपावी.

शेवटची सूचना इतिहासाचा शिक्षक म्हणून करतो. छापण्यापूर्वी चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत नावे, गाव आणि तारीख टाइप करावी. नाव नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांनी अनोळखी होते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातील माणगावच्या परिषदेत दोघे एका व्यासपीठावर आले. आपली गोष्ट आपण छापली नाही, तर ती दुसरा कोणी छापेल किंवा कोणीच छापणार नाही, हे त्या दोघांनी ओळखले होते. आपल्या आजीचे नाव कोणत्याही ग्रंथात नसेल. ते तिच्या चित्राखाली लिहिणे मात्र आपल्या हाती आहे.

माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर कपाटावरचा प्रिंटर खाली काढावा. पालकांनी जूनमध्ये पेटी भरताना त्यात नावासहित एक छायाचित्र जरूर ठेवावे.

जय भीम.