अपडेट सोडावं कधी, रोखावं किती

ज्या संस्थेत शे-पन्नास संगणक एका जाळ्यात जोडलेले आहेत, तिथे कुठलं अपडेट कुणाला आणि कधी द्यायचं हे ठरवणारा एक नेमका माणूस हवा. हे काम यंत्रावर सोपवून निर्धास्त राहता येत नाही, आणि भीतीपोटी पुढे ढकलूनही भागत नाही. एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करताना ही दोन्ही टोकं मी अनुभवली. पतसंस्था, रुग्णालयं, महाविद्यालयं, साखर कारखाने अशा ठिकाणी दोघा-तिघांच्या बळावर संगणकांचा डोलारा सांभाळणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’ ही यंत्रणा होती. आमच्या क्षेत्रात तिला सगळे डब्ल्यूसस म्हणतात. २००५ पासून ती या नावाने चालत आली आहे. मुख्य कार्यालयातला एक सर्व्हर मायक्रोसॉफ्टकडून अपडेट उतरवून घेतो आणि सगळ्या शाखांतले संगणक ती त्याच्याकडून घेतात. प्रत्येक संगणकाने इंटरनेटवरून तेच ते ओढायला नको, म्हणून शाखांच्या लाइनवरचा ताण वाचतो. पण हा फायदा दुय्यम आहे. खरी किंमत मंजुरीच्या अधिकाराची आहे: आपण ‘अप्रूव्ह’ केल्याशिवाय अपडेट कुठल्याही संगणकावर बसत नाही.

आमच्या बँकेत हा अधिकार कुणी वापरतच नव्हतं. डब्ल्यूससमध्ये आपोआप मंजुरी देणारा एक तयार नियम असतो: महत्त्वाची आणि सुरक्षेची सगळी अपडेट, सगळ्या संगणकांना. मुळात तो बंद असतो. यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराने तो चालू करून ठेवला होता आणि वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही म्हणून तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. ती व्यवस्था नुकतीच माझ्या हाती आली होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये ऐन गणेशोत्सवात ते अंगाशी आलं. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून आपलं काम बुधवारी सुरू होतं. त्या महिन्यात हा मंगळवार १४ तारखेला होता. सर्व्हरने अपडेट उतरवली, नियमाने मंजूर केली, संगणकांनी घेतली आणि रिस्टार्ट झाले. मग शाखा उघडल्या आणि फोन सुरू झाले. “दादा, ठेवीची पावतीच निघत नाहीये. काउंटरवर माणसं ताटकळलीत.”

आमच्या लहान शाखांत एकच लेझर प्रिंटर असतो. तो लेखापालांच्या संगणकाला जोडलेला आणि बाकीच्या टेबलांना नेटवर्कवरून शेअर केलेला. लेखापालांच्या टेबलावरून छपाई होत होती, बाकी कुठूनच होत नव्हती. पडद्यावर प्रिंटरशी जोडता येत नसल्याचा संदेश आणि शेवटी ११बी असलेला एरर कोड. पासबुकाचे प्रिंटर मात्र व्यवस्थित चालू होते, कारण ते थेट काउंटरच्या संगणकाला जोडलेले असतात. दोष प्रिंटरमध्ये नसून शेअरिंगमध्ये आहे हे त्यावरून उमगलं. त्या महिन्याच्या अपडेटने नेटवर्कवरच्या छपाईसाठी ओळख पटवण्याची अट कडक केली होती, आणि जगभर अनेक कार्यालयांत हीच तक्रार उभी राहिली होती.

पहिली गोष्ट त्या वेळी लक्षात आली, ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. मंजुरी मागे घेतल्याने बसलेलं अपडेट निघत नाही. ज्यांनी ते अजून घेतलेलं नाही तेवढेच संगणक वाचतात. काढून टाकण्याची मंजुरी देण्याची सोय आहे, पण ती काही मोजक्याच अपडेटना लागू पडते. शिवाय तो निरोपही संगणक पुढच्या वेळी सर्व्हरला विचारेल तेव्हाच पोहोचतो. मूळ सेटिंग बदललं नसेल तर हे विचारणं साधारण बावीस तासांतून एकदा होतं. काउंटरसमोर रांग असताना बावीस तास थांबता येत नाही. आम्हाला शाखेगणिक रिमोटने आत शिरून काम करावं लागलं.

बंदीचा आदेश

त्यानंतर वरून आदेश आला: अपडेट पूर्ण बंद. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं हे साहजिक होतं. पण माझ्या मते दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण तो दिसत नाही. छपाई थांबली की अर्ध्या तासात फोन येतो. भगदाड उघडं राहिलं तर कुणाचाच फोन येत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेतलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं गंभीर भगदाड उघड झालं होतं आणि मायक्रोसॉफ्टला नेहमीचा मंगळवार सोडून तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. सप्टेंबरचा कडकपणा छपाई व्यवस्था सुरक्षित करण्याच्या त्याच काळातल्या दुरुस्त्यांपैकी होता. रजिस्ट्रीतलं एक मूल्य शून्य केलं की छपाई पूर्ववत व्हायची, पण सोबत ती नवी सुरक्षाही बंद पडायची. असा तात्पुरता उपाय करायचाच झाला तर कुठल्या संगणकावर केला आणि तो कधी उलटा फिरवणार, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

संचालकांपुढे मी दोन तारखा ठेवल्या. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधल्या एका छिद्राची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी त्याच छिद्रातून ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मधले जवळपास दोन महिने दुरुस्ती हाताशी होती, ती संगणकांवर बसवली गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने विस्कळीत केलं. तो मुळात शिरला होता युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट न घेणंही घातक आणि डोळे झाकून घेणंही घातक. या दोन्हींच्या मधली वाट आखणं हेच आपलं काम, हे संचालकांना पटलं आणि बंदी उठली.

टप्प्याटप्प्याने सोडा

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे जसे खालच्या गावांना कळवून थोडेथोडे उघडतात, तसं अपडेट सोडावं. त्यासाठी संगणकांचे गट करा. पहिला गट चाचणीचा. त्यात आपल्याच विभागातले चार नवे संगणक ठेवून काही कळत नाही, कारण त्यांच्यावर बँकेचं खरं काम होतच नाही. एक काउंटरचा संगणक घ्या, एक प्रिंटर शेअर करणारा, एक धनादेश स्कॅन करणारा, एक बाहेरून व्हीपीएनने जोडला जाणारा लॅपटॉप. जिथली माणसं काही अडलं तर लगेच कळवतील असे विभाग निवडा. दुसऱ्या गटात दोन-तीन शाखा, तिसऱ्यात उरलेल्या सगळ्या. सर्व्हर या सगळ्यांपासून वेगळे. त्यांची मंजुरी आणि रिस्टार्ट माणसाच्या देखरेखीखालीच.

आपोआप मंजुरीचा नियम काढून टाकायची गरज नाही. त्याचा रोख फक्त चाचणी गटाकडे वळवा. अँटिव्हायरसच्या व्याख्या मात्र सर्वांना आपोआप जाऊ द्या. त्या दिवसातून अनेकदा येतात, तिथे थांबण्यात नुकसानच आहे. संगणक कुठल्या गटात जाणार हे ग्रुप पॉलिसीनेच ठरवा. नाहीतर नवा संगणक ‘अनअसाइन्ड’मध्ये जाऊन पडतो आणि गटांना दिलेली मंजुरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या पद्धतीचा उपयोग लवकरच दिसला. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटने विंडोजच्या अंगभूत व्हीपीएनचा एक प्रकार बंद पाडला. ओमायक्रॉनची लाट होती आणि अनेक अधिकारी घरून काम करत होते. आमचा चाचणी गटातला लॅपटॉप अडला, तेवढ्यावर निभावलं. मायक्रोसॉफ्टने १७ जानेवारीला तातडीची दुरुस्ती काढली, ती तपासून आम्ही पुढचे गट मोकळे केले. त्याच जानेवारीच्या अपडेटने अनेक ठिकाणी डोमेन कंट्रोलर पुन्हापुन्हा रिस्टार्ट होऊ लागले होते. सर्व्हर वेगळे ठेवल्याने आमचे त्यातून सुटले.

मुदतीशिवाय रोखू नका

थांबवणं हाही निर्णय आहे आणि त्याला मुदत हवी. बुधवारी चाचणी गट, पुढच्या सोमवारी दुसरा, दोन आठवड्यांच्या आत सगळे, अशी चाल बहुतेक संस्थांना झेपते. छिद्राचा गैरवापर प्रत्यक्ष सुरू झाल्याची बातमी असेल तर चाचणी एका दिवसात आटोपा. महिनाअखेर आणि ३१ मार्चच्या आसपासचे दिवस मोठ्या बदलांसाठी टाळा.

डब्ल्यूससमधली ‘डेडलाइन’ ही सोय मात्र जपून वापरा. डेडलाइन उलटून गेली की अपडेट लगेच बसतं आणि गरज असेल तर संगणक रिस्टार्ट होतो, समोर माणूस काम करत असला तरी. रोखपालाची नोंद अर्धवट असताना असं होणं कुणालाच परवडणार नाही.

कोणाला पोहोचलं, कोणाला नाही

कन्सोलमधल्या हिरव्या रंगावर विसंबू नका. आमच्या यादीत संगणकांची संख्या प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी दिसायची. एका शाखेतला एक संगणक यादीत दिसे, थोड्या वेळाने त्याच ओळीत शेजारच्या टेबलाच्या संगणकाचं नाव येई. कारण असं, की पुरवठादाराने एकच संगणक तयार करून त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवली होती, आणि सर्व्हरला ओळख सांगणारा ‘सस क्लायंट आयडी’ सगळ्यांचा एकच झाला होता. सर्व्हरच्या लेखी ते सगळे मिळून एकच संगणक. उपाय सोपा आहे: विंडोज अपडेटची सर्व्हिस थांबवायची, रजिस्ट्रीतून हा आयडी आणि त्याच्या पडताळणीची नोंद काढायची, सर्व्हिस चालू करून नव्याने नोंदणी करायला लावायची. म्हणून मालमत्तेची नोंदवही आणि कन्सोलची यादी समोरासमोर ठेवून ताळा घ्या. प्रत्येक संगणकाने शेवटचा अहवाल कधी पाठवला, तो रकानाही पाहा.

विंडोज १० पासून आणखी एक पळवाट निघाली. डब्ल्यूससबरोबरच अपडेट लांबवण्याचं धोरणही लावलं असेल, तर संगणक आपल्या सर्व्हरला वळसा घालून परस्पर मायक्रोसॉफ्टकडून अपडेट घेऊ शकतो. याला ‘ड्युअल स्कॅन’ म्हणतात. तो रोखणारी सेटिंग ग्रुप पॉलिसीत आहे. ती तपासा.

सर्व्हर हलका राहील हेही पाहा. आपल्याकडे जी उत्पादनं आहेत तेवढ्यांवरच टिक करा, भाषा गरजेपुरत्या ठेवा, ड्रायव्हरचा वर्ग घेऊ नका. नव्या अपडेटने जुनी निकामी झाली की ती तपासून ‘डिक्लाइन’ करा आणि दर महिन्याला सफाई चालवा. हा पसारा वाढला की सर्व्हरचा ‘डब्ल्यूसस पूल’ त्याच्या जवळपास पावणेदोन जीबीच्या ठरलेल्या मेमरी मर्यादेला धडकतो आणि संगणकांना उत्तरच मिळेनासं होतं.

वाटपाच्या सर्व्हरलाही राखण हवी

ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससमध्येच गंभीर छिद्र सापडलं. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि २३ ऑक्टोबरला तातडीची दुसरी काढावी लागली. हल्लेही झाले. या सर्व्हरचे ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नका, आणि संगणकांशी होणारा संवाद एचटीटीपीएसवरच असू द्या. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूससमध्ये नव्या सोयी देणं थांबवल्याचं जाहीर केलं. यंत्रणा चालू आहे, पण पुढच्या खरेदीसाठी पर्यायाचा विचार आजपासून करा.

आणि जे डब्ल्यूससमधून जात नाही त्याचीही चौकशी करा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची वेळ आली. ते अपडेट थेट कंपनीकडून आलं होतं. टप्पे आखून ठेवलेल्या ग्राहकांचे टप्पेही त्या प्रकारच्या फाइलला लागू नव्हते. प्रत्येक पुरवठादाराला लेखी विचारा: तुमचं अपडेट आमच्या संगणकावर कोण सोडतं आणि ते रोखायची कळ कुणाच्या हातात आहे?

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं: हे सगळं एका कागदावर आणा आणि वरिष्ठांची सही घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिल्यापासून बँकांना तसंही हे टाळता येत नाही. बाकीच्या संस्थांनी आपणहून करावं. मंजुरी कोण देणार, तो रजेवर असेल तर कोण, टप्पे किती दिवसांचे, हे त्यात असू द्या. रोखलेल्या प्रत्येक अपडेटपुढे कारण, रोखणाऱ्याचं नाव आणि फेरविचाराची तारीख लिहा. ज्या नोंदीपुढे या तीन गोष्टी नाहीत, ते अपडेट कुणी विचारपूर्वक रोखलेलं नसतं, ते नुसतं पडून राहिलेलं असतं. ते त्याच आठवड्यात निकाली काढा.