पथ्याचं पुस्तक घडवणारी मुलं

बारावीनंतर मुलगी म्हणते, मला पुस्तकांचं डिझाइन करायचं आहे. आईवडिलांना पहिली काळजी पडते ती पोटापाण्याची. ही काळजी खरी आहे आणि तिला खरंच उत्तर द्यायला हवं. त्यासाठी एकच काम जवळून पाहू: आरोग्यदायी स्वयंपाकाच्या पुस्तकाची मांडणी.

असं पुस्तक वाचलं जातं ते ओट्यापाशी. वाचणाऱ्याचं वय साठीच्या पुढचं असू शकतं, बोटांना कणीक लागलेली असते, शेजारी कुकर शिट्ट्या देत असतो. म्हणून अक्षर हातभर अंतरावरून वाचता यायला हवं. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातलं ओळींमधलं अंतर इथे तसंच्या तसं उचललं तर ओळी एकमेकींत अडकतात. एका पदार्थाची कृती शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपावी, म्हणजे पिठाच्या हाताने पान उलटावं लागत नाही. बांधणी अशी हवी की पुस्तक उघडं ठेवलं की उघडंच राहील. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं जाड पुस्तक आपोआप मिटतं. शिवलेली किंवा वायरची बांधणी महाग पडते, पण इथे तो खर्च योग्य आहे.

पथ्याच्या पुस्तकात खरी जोखीम मापांची असते. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं मराठी घराघरांत रुजवली. पण प्रत्येक घरची वाटी वेगळी. मधुमेह्यासाठी भाताचं प्रमाण सांगायचं तर पुस्तकातली वाटी किती मिलिलिटरची, हे सुरुवातीलाच चित्रासह दाखवावं लागतं. माझ्या मते तर ती वाटी आणि एक भाकरी पानावर प्रत्यक्ष आकारात छापावी. वाचक आपली भाकरी त्यावर धरून पाहील. चमच्यांचंही तसंच. टीस्पून ५ मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा. जागा वाचवायला ‘टी.’ आणि ‘टे.’ छापलं आणि वाचणाऱ्याची एक मात्रा नजरेतून सुटली, तर मीठ तिप्पट किंवा एक तृतीयांश होतं. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट टीस्पून. रक्तदाबाच्या रुग्णासाठीच्या पुस्तकात हे शब्द पूर्णच छापले पाहिजेत, मग ओळ लांबली तरी चालेल.

छायाचित्रांचंही असंच. कृतीत एक वाटी उसळ सांगायची आणि फोटोत काठोकाठ भरलेला वाडगा दाखवायचा, तर वाचक फोटोवर विश्वास ठेवतो. पथ्याला चालणारे पदार्थ हिरव्या आणि टाळायचे लाल ठिपक्याने दाखवले, तर ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांचं काय? शिवाय आई त्या पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून मावशीला देणार. रंगासोबत आकार किंवा शब्द हवाच.

उष्मांक आणि प्रथिनांचे आकडे डिझायनरने ठरवायचे नसतात. ते आहारतज्ज्ञ देतात; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. पण एखादा आकडा चुकीच्या रकान्यात गेला तर ती चूक मांडणीची. म्हणून मी पालकांना सांगते, या कामात चित्रकलेइतकीच काळजीपूर्वक वाचायची सवय लागते. तुमचं मूल औषधाच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचून त्यात काय खटकतं ते सांगत असेल, तर त्याची दखल घ्या.

शिक्षणाचे रस्ते बरेच आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आहे. तिच्या पदवीसाठी ‘डॅट’ परीक्षा द्यावी लागते. आयआयटीतल्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ परीक्षा असते. तिला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, मात्र प्रत्येक संस्थेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी आहे. कॉलेजची फी परवडत नसेल तर एखाद्या छापखान्यात वर्षभर डीटीपीचं काम करणं हाही चांगला पाया आहे. छपाईचा सोळा पानांचा फॉर्म, कागदाचं वजन, छपाईत बदलणारा रंग या गोष्टी तिथे लवकर कळतात.

आता पैशांबद्दल. फक्त पाककृतींच्या पुस्तकांवर घर चालवणारे थोडेच. मात्र हेच कौशल्य खाद्यपदार्थांच्या पाकिटांना, रुग्णालयांच्या माहितीपत्रकांना, पाठ्यपुस्तकांना आणि मोबाइल अ‍ॅपना लागतं, आणि नियमित नोकऱ्या तिथे आहेत. स्वतंत्र काम पानामागे किंवा पुस्तकामागे ठरतं. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या त्या पैशांत धरल्या आहेत, हे काम सुरू करण्याआधी लेखी घ्यावं.

येत्या सुट्टीत हे करून पाहा. आजीच्या पथ्याच्या आठ पाककृती तिच्याकडूनच लिहून घ्या. ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ फॉन्ट आणि स्क्रायबस हे सॉफ्टवेअर, दोन्ही विनामूल्य मिळतात. सोळा पानांची पुस्तिका मांडा, एकच प्रत छापा आणि कधीही तो पदार्थ न केलेल्या शेजाऱ्याला द्या. तो स्वयंपाक करत असताना मध्ये बोलू नका. कुठे अडला, कोणती ओळ दोनदा वाचली, माप कुठे चुकलं, ते टिपा आणि पुस्तिका पुन्हा मांडा. प्रवेशाच्या मुलाखतीला दोन्ही प्रती आणि त्या टिपा घेऊन जा.