कडू फुलांची बिअर आणि मुतखडा

'डॉक्टर, बिअर म्हणजे शेवटी बार्लीचे पाणीच. मुतखड्याला चांगली ना?' हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येतो. परवा एका सुशिक्षित गृहस्थांनी त्यात भर घातली. 'त्यात हॉप्स नावाची वनस्पती असते म्हणे. झोपेला उत्तम!'

वनस्पती असते हे खरे. हॉप्स ही थंड प्रदेशातली, भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी वेलीला शंकूसारखा हिरवा फुलोरा येतो आणि त्यात ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. कडूपणा आणि सुगंध दोन्ही तिच्यातलेच.

जुन्या वाणांत नावाजलेला वाण चेक प्रजासत्ताकातील 'साझ'. झातेत्स गावाच्या जर्मन नावावरून तो ओळखला जातो. हे गाव व भोवतालचे हॉप्सचे मळे यांना युनेस्कोने २०२३ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. या वाणाची वेल तांबूस, उत्पन्न बेताचे आणि कडूपणाही बेताचाच. कडूपणा देणारी अल्फा आम्ले त्यात साधारण ३ ते ४ टक्के; अलीकडच्या काही वाणांत ती १२ टक्क्यांच्या वर जातात. मग त्याचे एवढे कौतुक का? सुगंधासाठी. वास सौम्य, किंचित मसालेदार. १८४२ साली योसेफ ग्रोल याने पिल्सेन येथे फिकट सोनेरी बिअर बनवली, तिला चव दिली ती याच हॉप्सने.

वापरण्याची रीत आपल्या गृहिणींना चटकन कळेल. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा उकळताना हॉप्स टाकतात. आधी टाकलेले हॉप्स तासभर उकळून कडूपणा देतात, पण त्यांचे सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. म्हणून वासासाठीचे साझ शेवटी टाकतात, आपण आमटी उतरवताना वरून कोथिंबीर घालतो तसे. हॉप्समधील कडू द्रव्ये काही जिवाणूंना वाढू देत नाहीत, त्यामुळे बिअर लवकर नासत नाही.

आता औषधाचे पाहू. युरोपात अस्वस्थता व निद्रानाशावर हॉप्स परंपरेने देतात, उशीत भरूनही वापरतात. पण बाटलीत ते किती उतरतात? लिटरला काही ग्रॅम, तेही गाळून टाकलेले. उलट ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये शुद्ध मद्यार्क सुमारे २५ ग्रॅम! त्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. लघवी वाढते तीही प्रामुख्याने मद्यार्कामुळे. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवण्याची आज्ञा देणारे संप्रेरक तो दाबतो, आणि शरीर कोरडे पडू लागते. शिवाय बिअरने युरिक आम्ल वाढते, आणि काही खडे त्याचेच बनलेले असतात.

मुतखड्याच्या रुग्णांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके साधे पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. कळ येत असताना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर कोणताही घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.