पायथ्याशी पेला धर

अगं, तू पाठवलेला धरणाचा कागद दोनदा वाचला. घराबरोबर तळं मिळतंय, तळ्याबरोबर २२ फुटी मातीचा बांधही तुझ्या नावावर चढतोय, आणि यादीत त्याच्यापुढे ‘हॅझर्ड: लो’ लिहिलंय म्हणून तू खूश. त्याच्याच खाली ‘कंडिशन: नॉट रेटेड’ आहे, त्यावर मात्र तू काही बोलली नाहीस. पाटबंधारे खात्यात जन्म गेला माझा, तोही मातीच्याच धरणांवर. म्हणून सही करण्याआधी थोडं कानात घालतो.

‘लो’ हे धरणाला मिळालेले मार्क नव्हेत. बांध फुटला तर खाली काय वाहून जाईल, एवढंच ते सांगतं. ठणठणीत नवं धरण, पण खाली शाळा असेल तर ते ‘हाय’. घुशींनी पोखरलेला बांध, पण खाली नुसतं रान, तर तो ‘लो’. तब्येतीचा रकाना वेगळा: सॅटिसफॅक्टरी, फेअर, पुअर, अनसॅटिसफॅक्टरी. ‘नॉट रेटेड’ म्हणजे बरं-वाईट काहीच नाही, दर्जा दिलेलाच नाही. तुमच्या जॉर्जिया राज्यात माणसं दगावण्याजोगी धरणं कॅटेगरी वनमध्ये घालतात आणि परवान्याचा, तपासणीचा जाच त्यांनाच. बाकीच्या बांधांकडे बघायचं ते मालकानं. म्हणजे आता तू.

शिवाय खालचं रान रान राहत नाही. ओढ्याच्या काठानं दोन-तीन मैल गाडीनं जाऊन ये. कुठे प्लॉटिंग चाललंय का, नवी घरं उठलीत का, बघ. बांध जागचा हलत नाही, पण एका घरानं ‘लो’चा ‘हाय’ होतो. कागदावर ते उतरायला वर्षं लागतात. हवाईतल्या कवाई बेटावरचं का लोको धरण खासगी मालकीचं, कागदोपत्री ‘लो’च होतं. १४ मार्च २००६ला पहाटे फुटलं आणि ७ माणसं गेली. चौकशीत जादा पाणी जायचा सांडवा सापडेना. तो बुजवला गेला असावा, असं निघालं. तेव्हा सांडवा कुठे आहे हे घर दाखवणाऱ्याला पहिल्यांदा विचार. मासे जाऊ नयेत म्हणून तिथे जाळी ठोकलेली असेल, नाहीतर पाणी जास्त दिसावं म्हणून फळ्या, तर त्या दिवशीच काढायला लाव. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की संपलं.

तुझं तळं ६० एकर-फुटांचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते सात कोटी लिटरहून जास्त आहे. आपल्याकडचे दहा हजार लिटरचे टँकर लावलेस तर सात हजारांवर लागतील.

आता झाडं. फोटोत बांधाच्या उतारावर पाइनची सावली फार छान दिसते, मला ती बघवेना. मुळं पाण्याच्या दिशेनं जातात, झाड वाळलं की मुळं कुजतात आणि आत आयती नळी तयार. वादळात झाड उन्मळलं तर मातीचा घासच घेऊन जातं. तुमच्याच राज्यात टोकोआला केली बार्न्स धरण होतं, त्याच्या उतारावरही झाडं माजली होती. ६ नोव्हेंबर १९७७ला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास फुटलं, खाली कॉलेजची वस्ती, ३९ माणसं गेली. तज्ज्ञांना एकच एक कारण सांगता आलं नाही. उतार फार उभा होता, आत जुना पाइप होता, पाझरही होता. पुढच्याच वर्षी जॉर्जियानं धरणांचा कायदा केला. पण म्हणून उद्या करवत घेऊन जाऊ नकोस हं! मनगटाएवढी झुडपं आत्ताच काढ. मोठं झाड नुसतं तोडलंस तर मुळं आत कुजणार. ते मुळासकट काढून खड्डा नीट कुटून भरायचा असतो, इंजिनिअर उभा करून. उतारावर गवत हवं, तेही कापलेलं. वाढलेल्या गवतात बीळ दिसत नाही.

बांधाच्या पोटातून जाणाऱ्या पाइपावर माझा सगळ्यात कमी विश्वास. पत्र्याचा असेल तर चाळीस-पन्नास वर्षांत गंजून चाळण होते आणि माती त्यातून निघून जाते. वरून काही कळत नाही. पानशेत धरण १९६१ला फुटलं, त्यातही दुखणं विमोचकापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेपाशीच सुरू झालं होतं. पाइप कशाचा, कधी घातला, आतून कॅमेरा कधी फिरवला, हे विचार. उत्तर मिळालं नाही तर किंमत पाड.

पाझराचं मला एका म्हाताऱ्या चौकीदारानं शिकवलं. मी नवा ओव्हरसिअर, पायथ्याशी पाणी बघून हबकलो होतो. तो स्टीलच्या पेल्यात ते पाणी घेऊन आला, दगडावर ठेवलं, बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत बोलला नाही. मग पेला तिरका करून तळ दाखवला, स्वच्छ. “मातीचं धरण पाझरणारच, साहेब. तळाशी गाळ बसला, तर पळायचं.” बादली भरायला किती वेळ लागतो तेही तो मोजायचा. तळ्याची पातळी तेवढीच असताना बादली लवकर भरू लागली की त्याची झोप उडायची.

गढूळ पाणी आलं तर भोक चिखलानं लिंपू नकोस. दाब दुसरीकडून वाट काढतो. वाळू, वर खडी, असं टाकायचं म्हणजे पाणी येतं आणि माती अडते. तळं उतरव, पण बेतानं. एकदम उपसलंस तर पाण्याकडचा ओला उतार घसरेल. आणि आधी खालच्या घरांना फोन. त्यांचे नंबर आजच घे, फ्रीजवर लाव.

रविवारी तिथे जाशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव. गमबूट घाल, काठी घे, साप असतात. काचेचा पेला ने, म्हणजे मलाही दिसेल. आणि फोन पायथ्याशी धर, तळं मला दाखवू नकोस.