खेळाचे यंत्र : वैयक्तिक संगणक

जे यंत्र खेळासाठी घडविलेच नव्हते, ते खेळाचे एक प्रमुख साधन कसे बनले? या प्रश्नाचा थोडक्यात विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

१९८१ साली आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तो मुख्यतः कचेरीतील कामांसाठी. त्याच्या रंगीत चित्रपद्धतीत एका वेळी चारच रंग दिसत. आवाजासाठी एक लहानसा कर्णा होता. याउलट निंटेंडोच्या १९८३ च्या खेळयंत्रात चित्रे सरकविण्याची सोय मुळातच होती.

परंतु आय. बी. एम.च्या यंत्राचा एक मोठा गुण म्हणजे त्याचा मोकळेपणा. त्याची अंतर्गत रचना कंपनीने पुस्तिकेत छापून दिली आणि जादा कार्डे बसविण्यासाठी आत पाच खाचा ठेवल्या. म्हणूनच १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’सारखे ध्वनीचे कार्ड दुसरी कंपनी विकू शकली.

यंत्राच्या मर्यादेवर बुद्धीनेही मात केली. १९९० च्या ‘कमांडर कीन’ या खेळात जॉन कारमॅक यांनी एक युक्ती योजली. पडद्याचे लहान चौकोन पाडावयाचे. दृश्य सरकले की जुने व नवे चौकोन ताडून पाहावयाचे आणि बदलले असतील तेवढेच पुन्हा रंगवावयाचे. आकाशाचा निळा चौकोन सरकूनही निळाच राहतो. मग त्यावर श्रम कशाला? मंद यंत्रावर चित्र सुरळीत सरकू लागले ते असे.

१९९३ मध्ये ‘डूम’ आला. त्याचा पहिला भाग विनामूल्य वाटला गेला. खेळातील नकाशे व चित्रे मूळ आज्ञावलीपासून वेगळी ठेवल्यामुळे खेळाडू स्वतःचे नकाशे रचू लागले. पुढे ‘हाफ-लाइफ’ या खेळात अशीच भर घालून १९९९ मध्ये दोघा हौशी तरुणांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. प्रेक्षकच नाटककार झाला!

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला यात काय घेण्यासारखे आहे? आज आपल्यापैकी पुष्कळजण मोबाइलवर खेळतात. तेथे खेळता येते. पण खेळ रचावयाचा झाल्यास बहुधा संगणकाकडेच यावे लागते. वाचता येते पण लिहिता येत नाही, अशा वहीला आपण वही म्हणू काय? साधन उघडून पाहण्याची मुभा राहील, तोवरच त्यातून नवनिर्मिती होत राहील. ती मुभा जपणे हे खेळणाऱ्यांच्याच हाती आहे.