कोडे घालणाऱ्याची कसोटी

कोडे सोडविण्यात आनंद आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु कोडे रचणे ही केवढी जबाबदारी आहे, हे ज्याने ते रचले त्यालाच कळते. सोडविणाऱ्यापुढे एकच प्रश्न असतो: उत्तर काय? रचणाऱ्यापुढे मात्र अनेक प्रश्न उभे राहतात. उत्तराकडे जाणारी वाट आपण ठेवली आहे काय? ती एकच आहे काय? आणि ती वाट चालून आलेला मनुष्य शेवटी आनंदित होईल, की आपली फसवणूक झाली असे म्हणेल?

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ केंब्रिज येथे ‘मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ ही विख्यात विद्यासंस्था आहे. १९८१ साली तेथील ब्रॅड शाफर नावाच्या विद्यार्थ्याने एक खेळ मांडला. एका कागदावर त्याने १२ लहान कोडी दिली. सर्वांची उत्तरे एकत्र जुळविली म्हणजे एका जागेचा माग लागे, आणि संस्थेच्या आवारातील त्या जागी एक जुने नाणे लपविलेले होते. नाण्याची किंमत ती काय! अवघा एक सेंट. पण ते शोधण्यात विद्यार्थी रंगून गेले. पुढे दर वर्षी जानेवारीत हा खेळ होऊ लागला. त्याला ‘मिस्टरी हंट’ म्हणजे ‘रहस्यशोध’ असे नाव पडले. विद्यार्थ्यांबरोबरच दूरदूरचे कोडीप्रेमीही संघ करून त्यात उतरू लागले, आणि रात्रीचा दिवस करून नाण्याचा शोध घेऊ लागले.

या खेळाचा एक नियम मोठा मार्मिक आहे. जो संघ नाणे प्रथम शोधून काढतो, त्याने पुढील वर्षाचा खेळ रचावयाचा. विजयाचे पारितोषिक म्हणजे वर्षभराचे श्रम! आज जो दुसऱ्याच्या संदिग्ध कोड्यावर चिडतो, त्यालाच उद्या कोडी रचण्यास बसावे लागते. आणि मग आपण कशावर चिडलो होतो, हे त्याला विसरता येत नाही.

असा खेळ रचतात तरी कसा? रचणारा शेवटापासून प्रारंभाकडे येतो. समजा, ‘कलश’ हा शब्द अंतिम उत्तर म्हणून ठरविला. मग क, ल आणि श या अक्षरांनी सुरू होणारे तीन शब्द निवडावयाचे: कमळ, लगोरी आणि शहामृग. आता या प्रत्येक शब्दासाठी एक लहान कोडे. ‘चिखलात जन्मते, पण चिखल अंगास लागू देत नाही’ हे पहिले. ‘सात ठिकऱ्यांचा मनोरा पाडून पुन्हा रचावयाचा खेळ’ हे दुसरे. आणि ‘पंख आहेत, पण उडता येत नाही असा पक्षी’ हे तिसरे. तिन्ही उत्तरांची आद्याक्षरे जुळविली की ‘कलश’ हाती येतो. रहस्यशोधात अशा उत्तरांच्या उतरंडी रचलेल्या असतात. पुष्कळ कोड्यांची उत्तरे मिळून एक मोठे कोडे बनते, आणि अशी मोठी कोडी सुटली म्हणजे नाण्याचा मार्ग मोकळा होतो.

कोडे तर तयार झाले. परंतु रचणाऱ्याची खरी परीक्षा यापुढेच आहे. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसापुढे ते ठेवावयाचे आणि आपण मुकाट्याने पाहत बसावयाचे. वरील तिसरे कोडे वाचून परीक्षक जर ‘पेंग्विन’ असे म्हणाला, तर काय होईल? पेंग्विनलाही पंख असतात आणि त्यालाही उडता येत नाही. परीक्षकाचे चुकले नाही. मात्र त्याच्या हाती ‘कलश’ न येता भलताच निरर्थक शब्द येईल. येथे रचणाऱ्याच्या मनात अभिमान जागा होतो. “इतके साधे कसे कळत नाही?” असे त्याला वाटते. पण त्याने तो अभिमान गिळला पाहिजे आणि ‘सर्व पक्ष्यांत मोठा’ एवढे शब्द कोड्यात घातले पाहिजेत. कधी तर फार दिवस खपून केलेले कोडे दुरुस्तच होत नाही. ते बाजूला ठेवण्याचे धैर्यही त्याच्या अंगी असावे लागते.

कोडे निर्दोष असले, तरी गुपित राखण्याची जोखीम उरतेच. इंग्लंडमध्ये १९७९ साली किट विल्यम्स या चित्रकाराने ‘मॅस्करेड’ नावाचे एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने स्वतः घडविलेला सोन्याचा ससा एका उद्यानात पुरून ठेवला होता, आणि ती जागा पुस्तकातील चित्रांत गूढ रीतीने सुचविली होती. सशासाठी लोकांनी ठिकठिकाणी जमीन खणून पाहिली. १९८२ साली तो एका गृहस्थाच्या हाती लागला. त्याच सुमारास माइक बार्कर आणि जॉन रूसो या दोन शिक्षकांनी कोडे यथार्थ रीतीने सोडविले होते. त्यांनी योग्य जागी खणलेही. परंतु भाजलेल्या मातीच्या आवरणात ठेवलेला ससा त्यांच्या नजरेतून निसटला. पुढे १९८८ साली एका वृत्तपत्राने सत्य उजेडात आणले. ससा मिळविणाऱ्या गृहस्थाने कोडे सोडविलेच नव्हते. चित्रकाराच्या एका पूर्वपरिचित व्यक्तीकडून त्याला उद्यानाचा सुगावा लागला होता. बक्षीस एकाला मिळाले आणि बुद्धीचे श्रम दुसऱ्यांनी केले! चित्रकाराचा यात काही अपराध नव्हता. तरी एका फुटलेल्या गुपिताने खेळातील न्याय नाहीसा झाला.

रहस्यशोध रचणाऱ्यांची कसोटी २०२१ साली आणखी कठीण झाली. कोरोनाच्या साथीमुळे लोकांनी एकत्र येणे शक्य नव्हते. ‘गॅलॅक्टिक ट्रेंडसेटर्स’ या संघाकडे त्या वर्षीचा खेळ होता. खेळ बंद ठेवण्याऐवजी त्यांनी तो इंटरनेटवर मांडला. दुसऱ्या एका विश्वातील विद्यापीठाची कल्पना करून त्यांनी संगणकाच्या पडद्यावर जणू संस्थेचे आवारच उभे केले. खेळाडू घरी बसून आपापले चिमुकले चित्र त्या आवारातून हिंडवीत आणि कोडी शोधीत. त्या वर्षी नाणे शोधणाऱ्या संघाचे नाव ‘पॅलिंड्रोम’ असे होते. ‘चिमा काय कामाची’ याप्रमाणे उलटसुलट सारखेच वाचता येणाऱ्या शब्दरचनेस इंग्रजीत हे नाव आहे. नियमाप्रमाणे २०२२ चा खेळ त्यांनी रचला. तोही इंटरनेटवरच झाला.

असा खेळ चालविणाऱ्यांना खेळ सुरू झाल्यावरही विसावा नसतो. पूर्वी संघ आपली उत्तरे दूरध्वनीवरून कळवीत. इंटरनेटवर उत्तर बरोबर की चूक, हे यंत्रच तत्काळ सांगते. परंतु अडलेल्या संघाला किती सूचना द्यावी, हे यंत्राला कळत नाही. फार सांगितले तर शोधाचा आनंद नष्ट होतो. काहीच न सांगितले तर उत्साह मावळतो. कोड्यात चूक आढळली, तर ती झाकून चालत नाही. ती सर्व संघांना एकाच वेळी आणि सारख्याच शब्दांत कळवावी लागते. २०१३ साली नाणे सापडण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागला. फार कठीण कोडी रचणे हे फार चांगली कोडी रचणे नव्हे, हा धडा अशा वेळी मिळतो.

इतर खेळांत मनुष्य जिंकण्यासाठी खेळतो. कोडे घालणारा मात्र हरण्यासाठीच बसलेला असतो. त्याने झुंज चांगली द्यावयाची, पण अखेर समोरच्याच्या हाती उत्तर पडावे, आणि “हे मला आधीच कसे सुचले नाही!” असे उद्गार त्याच्या तोंडून निघावेत, यातच त्याचे यश असते.

स्वाध्याय

१. ‘विजयाचे पारितोषिक म्हणजे वर्षभराचे श्रम’ असे लेखात का म्हटले आहे?
२. तिसऱ्या कोड्यात कोणता दोष होता? तो कसा दूर केला?
३. सोन्याच्या सशाच्या प्रकरणात अन्याय कोणावर झाला? का?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: रात्रीचा दिवस करणे, सुगावा लागणे, उजेडात आणणे.
५. ‘तलाव’ हे अंतिम उत्तर धरून तीन लहान कोडी रचा. ती मित्राला सोडविण्यास द्या आणि तो सोडवीत असता स्वतः एक शब्दही बोलू नका.