फ्लॉपीची ‘इमेज’ : काढायची कशी, उतरवायची कशी?

यंदा आमच्या मासिकाचं कपाट आवरायला काढलं तेव्हा रबरबँडने बांधलेल्या दहा-बारा फ्लॉप्या सापडल्या. लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं, ‘मराठी विभाग – फायनल’. छापील अंक पावसात भिजून केव्हाच गेले होते. म्हणजे त्या मुलांच्या कविता-लेखांची हीच एक प्रत! उत्साहाच्या भरात एकाने पहिली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सारली. कर्रर्र आवाज आला, विंडोजने विचारलं, ‘फॉरमॅट करू?’ आणि पठ्ठ्याने ‘येस’ दाबलं. ती फ्लॉपी गेली. उरलेल्यांसाठी जे शिकलो ते इथे देत आहे.

इमेज म्हणजे काय?
साडेतीन इंची एचडी फ्लॉपीला २ बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकमध्ये १८ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. गुणाकार करा : २८८० सेक्टर, १४,७४,५६० बाइट. यातले पहिले ३३ सेक्टर बूट सेक्टर, फॅटच्या दोन प्रती आणि फाइलींची यादी यांत जातात. साध्या कॉपी-पेस्टमध्ये फक्त फाइली येतात. इमेजमध्ये मात्र पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं जसंच्या तसं येतं. म्हणूनच बूट फ्लॉपीची साधी कॉपी चालत नाही, इमेज लागते.

इमेज काढताना
१. आधी कोपऱ्यातली खिटी सरकवून खिडकी उघडी करा. आता फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. आमच्या पठ्ठ्याने एवढं केलं असतं तरी पुरे होतं!
२. पत्र्याचं झाकण सरकवून चकती पाहा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होऊन पुढच्या फ्लॉप्याही ओरखडतील.
३. विंडोजवर विनइमेज किंवा रॉराइट, लिनक्सवर डीडी वापरा. खराब सेक्टर असतील तर डीडीरेस्क्यू बरा. तो आधी चांगला भाग वाचून घेतो, मग अडलेल्या सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न करतो.
४. फाइल बरोबर १४,७४,५६० बाइटची आहे ना, बघा. दोनदा इमेज काढून चेकसम जुळवा.

परत उतरवताना
लक्षात ठेवा, नव्या फ्लॉपीवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचून मूळ इमेजशी ताडून पाहा. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, तेव्हा कोऱ्या फ्लॉप्या जपून वापरा. काही जुन्या सीएनसी मशीनला खरी फ्लॉपीच लागते. नुसतं वाचायचं असेल तर इमेज व्हर्च्युअल मशीनला जोडली की काम झालं.

आमच्या फाइली उघडल्या, पण पडद्यावर अगम्य चिन्हं! मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला होता. इमेज बाइट जपते, फॉन्ट नाही. तो फॉन्ट दुसऱ्या फ्लॉपीवर निघाला आणि कविता वाचता आल्या. पहिल्या फ्लॉपीत काय होतं, ते मात्र आता कुणालाच कळणार नाही.

तेव्हा मंडळी, घरी जुनी फ्लॉपी असेल तर आधी खिटी सरकवा. बाकीचं नंतर!